सीटखालचा पिवळा कनेक्टर

मृगाचा पाऊस पडला तसा आसेगावातला आमचा एक शेजारी कारनं मंगरूळपीरला जाऊन सोयाबीन बियाण्याच्या बॅगा घेऊन आला. डिकीत मावेनात म्हणून दोन बॅगा पुढच्या सीटखाली रेटल्या. घरी त्या ओढून काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी चावी फिरवली तर मीटरमध्ये एक तांबडा दिवा पेटला तो विझेचना. बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात गोल फुगा, असं त्याचं चित्र. गाडी सुरू झाली, ब्रेक लागले, एसी चालला. मग दिव्याकडे कोण बघतो? महिनाभर तो तशीच गाडी चालवत राहिला. शेलूबाजारहून समृद्धी महामार्गावर चढून बायको-मुलांना घेऊन नागपूरलाही जाऊन आला. त्या रस्त्यावर कारला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे.

तो दिवा सांगत होता की एअरबॅगच्या यंत्रणेला स्वतःचा भरवसा उरलेला नाही. वेळ आली तर एखादी बॅग फुगणार नाही, काही गाड्यांमध्ये एकही फुगणार नाही.

आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या कारमध्ये चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, आणि 2021 संपता संपता शेजारच्या सीटसाठीही. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा कार अपघातात मृत्यू झाला. त्यानंतर सहा एअरबॅगच्या सक्तीची चर्चा वर्षभर गाजली. पुढे ती सक्ती बारगळली. बॅगा किती, हे तेव्हा घरोघर बोललं गेलं. त्या बॅगांपर्यंत जाणारी वायर शाबूत आहे का, हा प्रश्न मात्र गॅरेजच्या बाहेर फारसा आलाच नाही. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

ही यंत्रणा मोठी सावध आहे. दोन पुढच्या सीटच्या मधे, गिअरच्या आसपास, तिचं कंट्रोल युनिट बसवलेलं असतं. चावी फिरवली की ते प्रत्येक बॅगेच्या वायरीतून अगदी क्षीण प्रवाह सोडून रेझिस्टन्स तपासतं. बॅगेतल्या ठिणगी पाडणाऱ्या भागाचा रेझिस्टन्स साधारण दोन ओहम. कनेक्टरची पिन जरा सैल झाली, तिच्यावर गंज चढला, की त्यात एखाददोन ओहमची भर पडते. हेडलाइटच्या वायरीत एवढ्यानं फारसं काही कळलंही नसतं. इथे मात्र युनिट लगेच दोषाचा कोड नोंदवतं आणि दिवा पेटवतं. त्याला इतकं काटेकोर राहावंच लागतं. धडक बसल्यावर बॅग भरायला तीस-चाळीस मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सैल पिनेला दुसरी संधी नसते.

शेवटी शेजारी वाशीमच्या एका गॅरेजात गेला, मीही सोबत होतो. तिथल्या मिस्त्रीनं स्कॅनर लावला. कोड होता चालकाच्या सीटमधल्या बाजूच्या एअरबॅगचा, रेझिस्टन्स जास्त. शेजाऱ्यानं लगेच नव्या बॅगेचा भाव विचारला. मिस्त्री म्हणाला, "थांबा ना भाऊ. कोड वाट दाखवते, चोर नाही दाखवत." आणि माझा हात सीटखाली जाताना पाहून, "बॅटरीचा निगेटिव्ह काढल्याबिगर त्या पिवळ्या वायरले हात नका लावू."

एअरबॅगचे कनेक्टर पिवळे असतात ते याच धाकासाठी. बॅटरी सोडवली तरी युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग फुगावी, म्हणून ती सोय. कंपनीनं सांगितलेली तेवढी मिनिटं थांबायचं, मगच कनेक्टर काढायचा. आणि बॅगेला मल्टीमीटर थेट लावायचा नाही, कारण मीटरचा स्वतःचा प्रवाहही ती पेटवू शकतो.

मग मीटर न लावता दोष कसा शोधायचा? मिस्त्रीनं बॅगेच्या जागी तेवढ्याच रेझिस्टन्सचं चाचणीचं उपकरण जोडलं. कोड गेला तर दोष बॅगेत, राहिला तर वायरिंगमध्ये. कोड राहिला. मग स्कॅनरच्या पडद्यावर आकडा ठेवून तो वायर थोडी थोडी हलवत गेला. सीटच्या रुळाजवळ पोचला तसा आकडा उसळला.

नवखा कारागीर फसतो ती जागा पुढे आहे. पिवळ्या कनेक्टरच्या आत पातळ पत्र्याची एक पट्टी असते. कनेक्टर सुटला की ती दोन्ही पिना आपोआप जोडते, म्हणजे अंगावरच्या स्थिर विजेनं बॅग फुटू नये. युनिटचा कनेक्टर काढून वायर मोजली, तर ही पट्टी मीटरला शॉर्ट दाखवते. ज्याला पट्टी ठाऊक नाही तो धडधाकट वायरिंग उसवत बसतो.

स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंगही अशीच नाजूक. चाकासोबत गुंडाळत-उलगडत जाणारी ती चपटी फीत, एअरबॅगबरोबर हॉर्नचा संदेशही तिच्यातूनच जातो. दिवा पेटला आणि हॉर्नही बंद पडला, तर आधी तिच्याकडेच बघावं.

शेजाऱ्याच्या गाडीत बियाण्याच्या बॅगेनं वायर ताणून कनेक्टरची एक पिन मागे सरकवली होती, बस. मिस्त्रीनं पिन बदलली, कनेक्टरचं लॉक टक् आवाज येईपर्यंत दाबलं, वायर रुळापासून दूर बांधली. नवी एअरबॅग लागली नाही.

"काही जण इथं रेझिस्टर टाकून दिवा विझवून देतात," तो हात पुसत म्हणाला. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. युनिटला वाटतं बॅग आहे, घरच्यांना वाटतं बॅग आहे, आणि त्या जागी दहा रुपयांचा तुकडा. दुसऱ्या काही गाड्यांमध्ये मीटरमधला दिवाच मारून टाकलेला असतो. म्हणून जुनी गाडी घेताना चावी फिरवून मीटरकडे बघत थांबा. तो दिवा आधी पेटला पाहिजे, आणि काही सेकंदांनी आपला आपण विझला पाहिजे. पेटलाच नाही, तर रंग आणि टायर बघण्याआधी गाडी एखाद्या स्कॅनरवाल्याकडे न्या आणि पिवळ्या वायरी तपासून घ्या.