बांधावरचं गवत आणि आपल्या होड्या

गणपती जवळ आले की आपल्याकडे दोन कामं एकदम निघतात. होड्या रंगवून मासेमारीला लावायच्या आणि बांध साफ करायचा. पहिलं काम आपलं, दुसरं ठेकेदाराचं. दोन्ही एकाच जागी, एकाच आठवड्यात. त्यातून जे होतं त्याबद्दल गेली दोन-तीन वर्षं आमच्याकडे तोंडी तक्रारी येत होत्या. गेल्या वर्षीच्या प्रकारानंतर कार्यकारिणीने बसून त्यावर नीट विचार केला. सभेला जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी आणि मुंबईला नोकरीला असलेल्या आपल्या मुलांसाठी हे सविस्तर लिहीत आहोत.

धरमतर खाडीच्या काठाला आपला खारेपाट. बांधाच्या एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि उघाडीच्या दोन्ही बाजूंना आपल्या होड्या. धक्का नावापुरता. बहुतेकांच्या होड्यांचा नाळेचा दोर बांधावरच्या खुंटालाच असतो आणि मागे एक नांगर टाकलेला. वर्षानुवर्षं असंच चाललंय. पावसात मात्र बांधावर गवत कमरेएवढं होतं. खुंट दिसत नाही, दोर दिसत नाही, कधी कधी आपलाच खुंट शोधायला पायाने चाचपावं लागतं.

गेल्या वर्षी पिठोरी अमावास्येच्या आदल्या दिवशी मशीनवाले आले. तीन माणसं, पाठीला मशीन, पुढे गोल फिरणारं पातं. सुकतीची वेळ, होड्या खाली चिखलात बसलेल्या, माणूस कोणी नाही. दुपारपर्यंत त्यांनी अर्धा बांध चकाचक करून टाकला. संध्याकाळी आपला एक सभासद बांधावरून चक्कर मारून आला. लांबून दोर जागेवर दिसला, तो घरी गेला. जवळ जाऊन पाहिलं असतं तर कळलं असतं की पातं दोराला लागलं होतं आणि तीन पेडांतला एकच पेड शिल्लक होता.

रात्री उधाणाची भरती आली. होडी उचलली गेली, दोराला ताण बसला आणि उरलेला पेड तुटला. मागचा नांगर लहान, तो चिखलातून ओढत गेला. मग सुकती लागली आणि होडी निघाली रेवसच्या दिशेने. दिवा नाही, माणूस नाही. आपल्या खाडीत रात्री बार्जची ये-जा असते हे तुम्हाला सांगायला नको. बार्जवाल्याला अंधारात एवढीशी होडी दिसणार तरी कशी? पहाटे त्याची आई बांधावर गेली आणि ओरडतच परत आली, "आपली होरी नाय रं जाग्याव!"

चार होड्या शोधायला निघाल्या. उजाडल्यावर ती पलीकडच्या काठाला तिवरांत अडकलेली सापडली. नशीब म्हणायचं. इंजिनात पाणी गेलं होतं, एका बाजूची फळी फुटली होती आणि आतली दोन जाळी गायब. गणपतीच्या तोंडावर, हंगाम नुकताच सुरू झालेला असताना, त्या घराचे अकरा दिवस बुडाले. भरपाई कोणाकडे मागायची? ठेकेदार म्हणाला, दोर आमच्याकडून कापला याचा पुरावा काय. कार्यालयात गेलो तर तिथे सांगितलं, बांध होड्या बांधण्यासाठी नाही. दोघांचंही म्हणणं कागदावर बरोबर होतं, हीच तर पंचाईत.

ही मोठी घटना म्हणून सगळ्यांना माहीत झाली. लहान लहान त्रास तर दरवर्षीचाच. या मशीनचं पातं किंवा नायलॉनची तार मिनिटाला हजारो फेरे घेते. गवतात खडा, शिंपला, बाटलीची काच काहीही असलं तर ते गोळीसारखं उडतं. मशीन बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच पुस्तिकेत लिहितात की काम चालू असताना 15 मीटरच्या आत दुसरा माणूस नको. आपल्या होड्या बांधापासून किती लांब असतात? भरतीला तर हात लावता येईल इतक्या जवळ. फायबरच्या होडीला खडा लागला की वरचा चकचकीत थर, म्हणजे जेलकोट, टिकलीएवढा उडतो. बघायला काही वाटत नाही, पण तिथून पाणी आतल्या फायबरमध्ये मुरत जातं आणि दोन-तीन पावसाळ्यांनी तो भाग फुगून सोडवत येतो. तेव्हा मिस्त्री जो खर्च सांगतो, तो ऐकून आपण म्हणतो की फायबरचा मालच खराब होता.

गवताचं तर वेगळंच. कापलेलं ओलं गवत होडीत पडतं, पावसाच्या पाण्यात कुजतं, पाणी उपसायच्या पंपाच्या तोंडाशी जाऊन बसतं. पाऊस जोरात असला आणि पंप चोंदला की होडी जागेवरच भरते. खाडीत पडलेलं गवत भरतीबरोबर तरंगत वर येतं आणि इंजिन थंड करणारं पाणी जिथून आत जातं तिथे अडकतं. आऊटबोर्डवाल्यांनो, पाण्याची धार बारीक झाली की इंजिन ताबडतोब बंद करा, गवत काढा, मगच पुढे जा. "थोडंच लांब जायचंय" म्हणून पुढे गेलेल्यांची इंजिनं बसलेली आम्ही पाहिली आहेत.

दसऱ्यानंतरची कापणी आणखी वाईट. तोवर गवत वाळून त्याला कुसळं धरलेली असतात. मशीनने ती उडतात आणि वाळत घातलेल्या तंगूसच्या जाळ्यांत शिरतात. पुरुषमंडळी म्हणतात, झटकलं की निघेल. निघत नाही. एकेक कुसळ बोटांनी उपसावं लागतं, आणि ते काम कोण करतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सभेत आपल्या एका ताईंनी उभं राहून सांगितलं की मागच्या वर्षी दोन दिवस बाजार सोडून त्या आणि त्यांची सून कुसळं वेचत बसल्या. तोपर्यंत सभेत हा विषय "किरकोळ" म्हणून चालला होता. त्या बोलल्यावर कोणी किरकोळ म्हटलं नाही.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर आम्ही फक्त तक्रारीच करतो असं होईल. गवत कापायलाच पाहिजे. आपल्यातल्या निम्म्या घरांची भातशेती याच बांधाच्या आत आहे. बांधाला उंदीर आणि चिंबोऱ्या बिळं पाडतात. गवतात ती दिसत नाहीत. मोठ्या उधाणाला, जेव्हा भरती साडेचार मीटरच्या वर चढते, तेव्हा अशाच एखाद्या बिळातून खारं पाणी झिरपायला लागतं, बीळ मोठं होतं आणि रातोरात खांड जाते. खारं पाणी शेतात शिरलं की ते पीक तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन नीट पिकत नाही. पूर्वी गावकीने श्रमदान करून बांध राखले, 1979 मध्ये खारभूमी विकासाचा कायदा आला, पण बीळ वेळेत दिसलं पाहिजे ही गोष्ट तीच राहिली. शिवाय साप. पहाटे अंधारात टोपली घेऊन बांधावरून जाणाऱ्या बायकांना गवतात घोणस की दोर, काय कळणार?

सभेत एका तरुण सभासदाने सुचवलं की कटकट नको, सरळ तणनाशक मारू. त्याचा हेतू चांगला होता, पण आम्ही याला साफ नकार दिला. बांधाची माती गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली आहे. मुळं मेली की पहिल्या मोठ्या पावसात माती खाडीत. आणि ते औषधही जाणार खाडीतच, जिथे कोलंबीचं आणि जिताड्याचं बारीक पिल्लू काठाकाठाने वाढतं. आपणच आपलं बियाणं मारायचं का?

अजून एक गोष्ट, यात आपणही अडकू शकतो. मशीनवाल्याला गवत आणि तिवराचं लहान रोप यात फरक दिसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये खारफुटी तोडायला बंदी घातली आणि सप्टेंबर 2018 च्या निकालात ती कायम केली. खारफुटीच्या भोवतीचा 50 मीटरचा पट्टाही त्यात धरला आहे. उद्या कोणी तक्रार केली तर "होडीवाल्यांनी जागा करायला तिवरं तोडली" असं म्हणायला वेळ लागणार नाही. म्हणून खाडीच्या अंगाची तिवरं मशीनखाली जाणार नाहीत हे पाहणं आपल्याही फायद्याचं आहे.

हा त्रास फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये जुने कालवे आहेत, पूर्वी काठाच्या पायवाटेवरून घोडे चालायचे आणि मालाच्या बोटी ओढायचे. आता त्याच कालव्यांत सात फूट रुंदीच्या लांबट बोटींमध्ये कितीतरी कुटुंबं कायमची राहतात. 2012 पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे 2000 मैलांचे कालवे आणि नद्या सांभाळते. तिथेही उन्हाळ्यात काठाचं गवत मशीनने कापतात आणि तिथले बोटवालेही तेच म्हणतात: खिडकीला खडे लागतात, रंगावर गवत चिकटतं, आधी कोणी सांगत नाही. म्हणजे श्रीमंत देशातही मशीनवाला आणि होडीवाला यांचं जमत नाही. पण तिथली एक गोष्ट आम्हाला घेण्यासारखी वाटली. चालायची वाट साफ करतात, पण पाण्यालगतची गवताची पट्टी बऱ्याच ठिकाणी राखून ठेवतात. त्यांचं कारण वेगळं, किडे-पाखरं जगावीत हे. आपल्याला ती पट्टी वेगळ्या कामाला येईल.

त्यावरून आपलं ठरलं ते असं. होड्या लागतात तेवढ्या भागात, खाडीच्या अंगाची चार-पाच हात पट्टी मशीनने कापायची नाही. ती आपण स्वतः विळ्याने कापायची, म्हणजे दोर, खुंट आणि तिवराची रोपं सांभाळली जातील. मजुरी संस्था देईल. यावर सभेत बराच वाद झाला. "ठेकेदाराच्या कामाचे पैसे आपण का द्यायचे?" हा प्रश्न चुकीचा नव्हता. पण एका होडीच्या अकरा दिवसांच्या नुकसानीपुढे चार माणसांची दोन दिवसांची मजुरी काहीच नाही, हे शेवटी सगळ्यांनी मान्य केलं. कापलेलं गवत शेताच्या अंगाला टाकायचं, खाडीत नाही. ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांनी न्यावं.

कार्यालयाला आणि नव्या ठेकेदाराला आम्ही लेखी पत्र दिलं आहे. कापणीच्या एक दिवस आधी संस्थेला फोन, काम सुकतीच्या वेळी, आणि मशीन चालू असताना आपला एक माणूस बांधावर हजर. सुकतीच का, तर होड्या खाली आणि लांब असतात, खडे वरून जातात. भरतीला त्या मशीनच्या तोंडाशी येतात. तोंडी होकार मिळाला आहे. लेखी उत्तर अजून आलेलं नाही, आल्यावर इथे टाकू.

आपल्याकडूनही चुका होत्या, त्या मान्य करू. गवतात लपलेला काळा-हिरवा दोर कोणालाच दिसणार नाही. पट्टीच्या मागे मशीन चालणार आहे आणि दोरांची टोकं काही ठिकाणी बांधाच्या माथ्यापर्यंत आली आहेत. म्हणून प्रत्येकाने खुंटाला माणसाच्या उंचीची काठी लावून तिला लाल किंवा पिवळं फडकं बांधायचं. फुटक्या जुन्या बोयाचा तुकडा बांधला तरी चालेल. दोर खाडीच्या बाजूनेच राहील असा घ्या. एका दोरावर होडी ठेवू नका, उधाणाच्या दिवसांत दोन ठेवा, आणि नांगर होडीच्या वजनाला साजेसा असू द्या. कापणी झाली की त्याच संध्याकाळी, अंधार पडायच्या आधी, खाली उतरून दोर हाताने पेडापेडाने चाचपून बघा. लांबून बघून घरी जाऊ नका.

जाळी वाळत घालायची जागा दसऱ्यानंतरच्या कापणीपुरती देवळामागच्या मोकळ्या पटांगणात हलवायची आहे. त्यासाठी महिला बचत गटाच्या अध्यक्षांशी बोलणं झालं आहे. मशीनचा आवाज आला की ताडपत्री टाकायला घरातलं कोणीतरी असू द्या. शाळेला सुट्टी असेल तर पोरांनाही सांगा, पण पोरांना मशीनजवळ जाऊ देऊ नका.

ज्यांच्या खुंटाला अजून फडकं नाही अशा चौदा होड्या काल आम्ही मोजल्या. नावं लिहीत नाही, ज्याची त्याला माहीत आहेत. काठ्या संस्थेच्या कार्यालयात ठेवल्या आहेत, संध्याकाळी पाच ते सात येऊन घेऊन जा. विळ्याने पट्टी कापायला येत्या रविवारी सकाळची सुकती धरून जमायचं आहे. वेळ शनिवारी ग्रुपवर कळवू. येताना विळा आपापला आणा, संस्थेकडे तीनच आहेत आणि त्यातल्या एकाची मूठ ढिली आहे.