घाटाखालचे पूर्वज

पूर्वजांच्या थडग्यावर फुले वाहण्यासाठी मुलाबाळांसह गाडीने निघणे ही कल्पना अनेक मराठी घरांना काहीशी परकी वाटते, कारण दहनाची रीत असलेल्या समाजांत अस्थी पाण्यात सोडल्या की भेट द्यावी अशी जागाच मागे उरत नाही. तरीही मुंबईत दोन-तीन पिढ्या काढलेली कितीतरी कुटुंबे शहापूर, आसनगाव, कसारा या वाटेने मूळ गावाच्या शोधात जातात, आणि तेथे त्यांच्या हाती काय लागेल हे बरेचसे त्यांच्या पूर्वजांची अंत्यसंस्काराची रीत कोणती होती यावर ठरते.

लिंगायत, गोसावी, मुसलमान, ख्रिस्ती आणि काही आदिवासी समाज मृताला पुरतात. पण पुरले म्हणजे नाव टिकले असे मात्र नव्हे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवर समाधी म्हणून बहुधा दगडांची रास किंवा शेंदूर फासलेला एखादा उभा दगड असतो, त्यावर अक्षर नसते, आणि तो कोणाचा हे सांगणारी म्हातारी माणसे गेली की दगड जागच्या जागी राहूनही निनावी होतो.

नावे कोरलेली थडगी शोधत येथे येणारे पाहुणे बव्हंशी सातासमुद्रापलीकडचे असतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग 1861 साली कसाऱ्यापर्यंत आला आणि थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचायला 1865 साल उजाडले, कारण 37 फुटांमागे 1 फूट अशी खडी चढण आणि बोगदे-पूल यांचे काम अतिशय बिकट होते. या मार्गावर मेलेल्या युरोपीय माणसांच्या दफनाच्या नोंदी धर्मगुरू करीत, त्यांच्या प्रती लंडनला जात, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत असल्याने पणतू घरबसल्या तारीख काढून मगच विमानात बसतो. अशा जुन्या दफनभूमींची नोंद ठेवणारी ‘बॅक्सा’ ही संस्थाही 1976 पासून इंग्लंडमध्ये काम करते. घाट फोडताना पटकी आणि तापाने गेलेल्या देशी मजुरांच्या वंशजांना यांपैकी काहीच उपलब्ध नाही, आणि हा फरक नशिबाचा नसून दप्तर कोणासाठी ठेवले गेले याचा आहे.

दहन करणाऱ्या समाजांचे दप्तर घाटाच्या वर आहे. नाशिकच्या रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्याय, म्हणजे यात्रेकरूंचे परंपरागत पुरोहित, आपापल्या यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. त्यांत आडनाव आणि मूळ गाव यांनुसार कोण कोणाच्या अस्थी किंवा श्राद्धासाठी आले हे लिहिलेले असते आणि येणाऱ्याची सहीही घेतात. जुनी पाने मोडीत, म्हणजे मराठीच्या पूर्वीच्या जलद लिपीत असल्याने उपाध्यायांनी वाचून दाखवल्याशिवाय उलगडत नाहीत, पण खापरपणजोबांची वेडीवाकडी सही बोटाखाली येते तेव्हा थडग्याची उणीव बरीचशी भरून निघते.

कोरून ठेवलेले नाव दगडी प्रतिमेपेक्षाही अधिक टिकते याचा या मुलखातला सर्वांत जुना पुरावा मुरबाडहून वैशाखरेमार्गे चढून जाता येणाऱ्या नाणेघाटात आहे. तेथील लेण्यात सातवाहन राजघराण्यातील सिमुक, सातकर्णी, नागनिका आदींच्या प्रतिमा ओळीने उभ्या होत्या. त्यांपैकी आज फक्त पावलांच्या खुणा दिसतात, तर वर ब्राह्मीत कोरलेल्या नावांवरून कोण कोठे उभे होते ते कळते.

साध्या शेतकऱ्याचे नाव शोधायचे तर देवळापेक्षा तहसील कचेरी गाठावी, हा सल्ला रूक्ष वाटला तरी खरा आहे. गाव नमुना 14, ज्याला लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात, ही गावातील जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही असून तिच्यात मृताचे, बापाचे आणि जातीचे नाव सापडते. तिच्या जोडीला जमिनीच्या हक्कातील बदल सांगणारे फेरफार असतात, ज्यांत वारसनोंदीच्या निमित्ताने भाऊ, विधवा, अज्ञान मुले अशी सगळी भावकी ओळीने उभी राहते. जात पडताळणीसाठी अनुसूचित जमातींना 1950 पूर्वीचे आणि इतर मागासवर्गीयांना 1967 पूर्वीचे पुरावे महत्त्वाचे ठरत असल्याने, आणि 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाल्याने, पूर्वजांचा हा शोध हौसेचा न राहता गरजेचा झाला आहे. एकाच जिपेत बसून नकलेच्या अर्जासाठी आलेले काका-पुतणे तिथेच प्रथम आपल्या पणजीचे नाव वाचतात, हेही त्यात आलेच.

काहींचे मूळ गावच आता पाण्याखाली आहे. मुंबईच्या पाण्यासाठी तानसा धरण 1892 साली पूर्ण झाले, पुढे वैतरणा आणि भातसा ही धरणे आली, आणि बारवीची उंची वाढवल्यावर मुरबाडकडील पाडेही उठले. अशा कुटुंबांनी पुनर्वसनाच्या याद्या पाहाव्यात, कारण जुन्या वस्तीचे नाव आणि नव्या वस्तीचे नाव त्यांत शेजारीशेजारी मिळू शकते. जे गाव शाबूत आहे तेथेही महसुली गावाचे नाव एक आणि घरात चालत आलेले पाड्याचे नाव दुसरेच असते, म्हणून निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडून पाडा, कुलदैवत आणि शेताचे नाव विचारून कागदावर उतरवून घ्यावे, म्हणजे तलाठी कोणत्या गावाचे दप्तर काढायचे ते लगेच सांगू शकतो.