शीर बुजवायची, पण कशाने?

1975 मध्ये चेझारे जांतुर्को या इटलीत जन्मलेल्या रेडिओलॉजिस्टने अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये पोलादी तारेच्या वेटोळ्याला लोकरीचे धागे बांधले आणि ते धमनीत सोडले. धाग्यांवर रक्त गोठले, प्रवाह थांबला. पुढे लोकरीच्या जागी डॅक्रॉन आले आणि पोलादाच्या जोडीला प्लॅटिनम. अशीच ‘कॉइल’ आज व्हेरिकोसीलच्या रुग्णांतही वापरली जाते.

वृषणातून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगतात, त्याला व्हेरिकोसील म्हणतात. साधारण 15 टक्के पुरुषांत ते आढळते आणि बहुतेकदा डावीकडेच. तिथली शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते. झडपा निकामी झाल्या की रक्त उलटे खाली उतरते. दुखत नसेल आणि वीर्यतपासणी ठीक असेल, तर बहुतेकांना उपचारांची गरजच नसते.

शस्त्रक्रियेला पर्याय म्हणजे एम्बोलायझेशन. जांघेतल्या किंवा मानेतल्या शिरेतून बारीक नळी आत सरकवायची, रंगद्रव्य सोडून एक्स-रेखाली शिरांचा नकाशा पाहायचा आणि बिघडलेली शीर आतूनच बुजवायची. बेशुद्ध करावे लागत नाही. बुजवायला काय वापरायचे, हे मात्र त्या नकाशावर अवलंबून असते.

कॉइल नेमक्या जागी बसते, एक्स-रेत स्पष्ट दिसते. तिची मर्यादा आडवाटांची आहे. पाटाला बांध घातला तरी शेजारच्या चरातून पाणी वाट काढतेच. तसे मुख्य शिरेला समांतर धावणाऱ्या बारीक शिरा उघड्या राहिल्या, तर व्हेरिकोसील परत येऊ शकते. मापात चूक झाली, तर कॉइल निसटून फुप्फुसापर्यंतही जाऊ शकते. हे क्वचितच घडते, पण घडते.

त्या आडवाटांपर्यंत द्रवच पोहोचतो. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट किंवा पॉलिडोकॅनॉल शिरेच्या आतल्या अस्तराला इजा करते आणि शीर मिटते. इटलीच्या लोरेन्झो टेसारी यांनी 2000 मध्ये दाखवलेली युक्ती अगदी साधी आहे: दोन सिरिंजा तीन तोंडांच्या तोटीने जोडायच्या आणि औषध व हवा इकडून तिकडे ढकलत फेस करायचा. फेस रक्ताला बाजूला सारून भिंतीला भिडतो. तो खाली अंडकोषापर्यंत गेला, तर तिथल्या शिरा सुजून दुखतात. म्हणून औषध सोडताना जांघेत दाब देऊन ठेवतात.

ग्लू, म्हणजे एन-ब्युटाइल सायनोअॅक्रिलेट, हा आपल्या फेव्हिक्विकचा भाऊबंदच. रक्ताला लागताच तो घट्ट होतो, म्हणून नळी आधी डेक्स्ट्रोजने धुतात आणि वेळेत मागे ओढतात. उशीर झाला तर नळीच चिकटते. तो सरावलेल्या हातातच शोभतो.

त्यामुळे अनेक डॉक्टर जोडी जमवतात: खाली कॉइल, वर फेस, गरज वाटली तर आणखी वर दुसरी कॉइल. एकट्या कॉइलवर भिस्त ठेवण्यापेक्षा ही रचना अधिक पटते, कारण ती आडवाटाही मिटवते. खर्चाचाही विचार होतो. कॉइल एकाहून अधिक लागतात, द्रव औषध त्या मानाने स्वस्त पडते.

रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून वीर्याची पुन्हा तपासणी साधारण तीन महिन्यांनी होते.