खोलीचं तापमान थेट खिडकीत!

मंडळी, आर्डुइनो उनोला डीएचटी२२ सेन्सर जोडला, आकडे सीरियल मॉनिटरवर पळताना दिसले, की पहिला आनंद होतो. पण तेच आकडे आपल्या स्वतःच्या विंडोत ठळक अक्षरांत बघण्याची मजा और!

त्यासाठी पायथन पुरे. विंडो बनवणारं टीकिंटर सहसा त्याच्यासोबतच येतं, सीरियल पोर्ट वाचणारं पायसीरियल मात्र वेगळं टाकावं लागतं. दोन्ही बाजूंना बॉड रेट सारखाच ठेवा, ९६०० चालेल.

आता खरी गोम. नवखे लोक 'व्हाइल ट्रू' लिहून त्यात रीडिंग वाचत बसतात आणि विंडो गोठते. (मीही एक अख्खा रविवार यात घालवलाय.) कारण टीकिंटरचा मेनलूप तुमच्या लूपमागे ताटकळतो, त्याला विंडो रंगवायला सवडच मिळत नाही. उपाय म्हणजे टीकिंटरचंच 'आफ्टर'. फंक्शनने पोर्टवर काही आलंय का ते बघायचं, आलं असेल तर ओळ वाचून लेबल बदलायचं आणि जाताना 'मला ५०० मिलिसेकंदांनी परत बोलाव' असं सांगून जायचं. याहून घाई नको, डीएचटी२२ स्वतःच दोन सेकंदांतून एकदा नवा आकडा देतो.

पोर्ट उघडताच उनो रीसेट होतो, त्यामुळे पहिली ओळ अर्धवट येऊ शकते. ती 'ट्राय-एक्सेप्ट'मध्ये झेला.

आणि हो, प्रोग्राम चालवण्याआधी सीरियल मॉनिटर बंद करा. पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो!