मक्यावरची बुरशी झटकली, तरी कोंबडीचं पोट का बिघडतं?

1960 साल. इंग्लंडमध्ये टर्कीची पिल्लं पटापट मरायला लागली. बघता बघता एक लाखाहून जास्त पक्षी गेले. आजार ओळखूच येईना, म्हणून त्याला नाव पडलं 'टर्की एक्स'. शेवटी गुन्हेगार सापडला तो खाद्यात. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत बुरशीने विष तयार केलं होतं. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीच्या नावावरून त्या विषाला 'अफ्लाटॉक्सिन' म्हणतात.

आज आपल्याकडे कोंबडीच्या खाद्यात सगळ्यात मोठा वाटा मक्याचा. खरिपाचा मका काढायला येतो तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. दाणा नीट न वाळवता पोत्यात भरला की बुरशीचं फावतं.

पोटात नेमकं काय होतं?

आतड्याला आतून बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. पचलेलं अन्न तिथूनच रक्तात जातं. त्यांच्यावरच्या पेशी सतत झिजतात आणि नव्या येतात. नव्या पेशींना प्रथिनं लागतात. फ्युजेरियम बुरशीची 'डॉन' आणि 'टी-टू' ही विषं प्रथिनं बनण्याचं कामच अडवतात. मग उंचवटे आखूड होतात आणि आतड्याचं अस्तर गळकं होतं. टी-टूमुळे चोचीत आणि तोंडात जखमाही होतात. अफ्लाटॉक्सिनचा मुख्य घाव यकृतावर बसतो. त्यातून पित्ताचं काम बिघडतं आणि खाद्यातली चरबी नीट पचत नाही.

मग लक्षात का येत नाही?

कारण विष थोडं असेल तर पक्षी मरत नाहीत. खाद्य संपतं, पण वजन भरत नाही. विष्ठा पातळ होते, खालचं तूस ओलं राहतं. कमजोर आतड्यात क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू वाढतात. शेतकरी अँटिबायोटिक देतो. जिवाणू मरतात, पण विषावर या औषधाचा काहीच परिणाम होत नाही. तेच खाद्य सुरू राहिलं, की खर्च वाढतो आणि आजार पुन्हा डोकं वर काढतो.

बुरशी काढून टाकली तर?

बुरशी जाते, विष दाण्यात राहतं. नेहमीच्या उष्णतेनेही ते पूर्ण नष्ट होत नाही. शिवाय ते सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. एक मूठ स्वच्छ निघाली म्हणजे अख्खं पोतं स्वच्छ, असं नाही. म्हणून तपासणीसाठी नमुना अनेक पोत्यांतून, वेगवेगळ्या जागांहून घ्यावा लागतो.

उपाय काय?

मक्यातला ओलावा 13 टक्क्यांच्या आत आणायचा. पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवायची नाहीत. खाद्याची भांडी, टाक्या साफ ठेवायच्या. खाद्यात 'टॉक्सिन बाइंडर' मिसळतात. त्यातली बेंटोनाइट माती अफ्लाटॉक्सिन चांगलं धरून ठेवते, पण डॉनपुढे तिचं फारसं चालत नाही. म्हणजे कोणतं विष आहे हे कळल्याशिवाय पावडर घालणं हा अंदाजपंचे कारभार.

पुढच्या वेळी कोंबड्या खातात पण वाढत नाहीत असं दिसलं, तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी एकदा मक्याचं पोतं उघडून बघा. आणि पोतं वरून ठीक दिसलं, तरी नमुना तपासून घ्या.