गाडी का थरथरते?

दोहात सिग्नलला गाडी थांबली, की तुमची सीट थरथरते का? स्टिअरिंग हलतं का? बाबा म्हणतील, "एसी चालू आहे ना, म्हणून." कधी कधी ते खरंही असतं.

पण इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बसवत नाहीत. मध्ये धातू आणि रबराचे आधार असतात. गॅरेजवाले त्यांना 'माउंटिंग' म्हणतात. इंजिनाचे हादरे हे रबर सोसतं. कतारच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. बॉनेटखाली तर भट्टीच! मग रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात. गिअर 'पी'वरून 'आर'वर टाकला की 'धप्प' असा आवाज येतो. तीही एक खूण.

इंडस्ट्रियल एरियातला मेकॅनिक आधी इंजिनाखाली जॅक लावतो, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवतो, आणि मगच जुनं माउंटिंग काढतो. नाहीतर इंजिनच खाली येईल. एक माउंटिंग तुटलं की बाकीच्यांवर भार पडतो, म्हणून तो सगळीच तपासतो. मी हे काम वर्षभर टाळलं (रेडिओचा आवाज वाढवत होतो!). शेवटी एकाऐवजी तीन माउंटिंग बदलावी लागली.