छोट्या डेस्कटॉपची रॅम वाढवल्यावर येणाऱ्या अडचणी

समजा, लखनौच्या नाझा मार्केटमधून तुम्ही ८ जीबीचे मॉड्यूल आणले, छोट्या डेस्कटॉपमध्ये बसवले आणि स्क्रीन काळाच राहिला. मॉड्यूल परत करायला धावू नका. दोष क्रमाने शोधा.

१. लेबल वाचा. अशा संगणकांत बहुधा लॅपटॉपची, म्हणजे एसओ-डिम प्रकारची रॅम असते. डीडीआर३ ला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०. त्यामुळे एकाचे मॉड्यूल दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. फसगत होते ती व्होल्टेजमध्ये. पीसी३ (१.५ व्होल्ट) आणि पीसी३एल (१.३५ व्होल्ट) एकाच स्लॉटमध्ये बसतात, पण इंटेलच्या चौथ्या पिढीच्या एनयूसीला १.३५ व्होल्टचेच लागते.

२. पुन्हा बसवा. अडॅप्टर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा. अंगावरील स्थिर विद्युत जावी म्हणून धातूला स्पर्श करा. मॉड्यूल तिरके, पूर्ण आत सरकवा आणि दोन्ही क्लिपा लागेपर्यंत खाली दाबा.

३. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी फक्त जुने मॉड्यूल, मग त्याच स्लॉटमध्ये फक्त नवे, मग दुसरा स्लॉट. नव्या रॅमची जुळणी करताना पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागू शकतो. एक-दोन मिनिटे थांबा.

४. संगणक सुरू झाला, तरी काम संपले नाही. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. सदोष रॅमवरही संगणक चालतो. फक्त फायलींत चुकीचे बिट लिहिले जातात, आणि ते कळते प्रोजेक्ट सादर करायच्या दिवशी. म्हणून एकही त्रुटी दिसली, तर मॉड्यूल बदलून घ्या.